हॅझर्ड आणि रिस्क: पहिली शीट भरण्याआधी

अभिनंदन! पहिली रिस्क असेसमेंट (कामात कशाने, किती इजा होऊ शकते हे शीटवर मांडणं) हातात आलीय, तर आधी चारच शब्द पक्के करा. मराठीत आपण हॅझर्ड आणि रिस्क दोन्हींना ‘धोका’ म्हणून मोकळे होतो, निम्मा गोंधळ तिथेच.

पावसाळ्याआधी शेडवर गळती काढायला माणूस चढतो, तेच काम घ्या.

- हॅझर्ड: इजा करू शकणारी गोष्ट. इथे 6 मीटर उंचीवरचा जुना सिमेंटचा पत्रा. ‘पडणे’ हा हॅझर्ड नाही, ती घटना. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.
- शक्यता: तो पत्रा पायाखाली फुटण्याची.
- तीव्रता: फुटला तर काय होईल. इथे मृत्यू.
- रिस्क: शक्यता आणि तीव्रता मिळून. 5 बाय 5 च्या तक्त्यात दोन्हींना 1 ते 5 गुण देतात; इथे शक्यता 4 गुणिले तीव्रता 5, म्हणजे 20.

आता कंट्रोल, म्हणजे रिस्क कमी करायचे उपाय. लगेच ‘हेल्मेट, बेल्ट’ लिहू नका, पीपीई (अंगावर घालायची संरक्षक साधनं) सर्वांत शेवटी. आधी विचारा, वर चढायलाच हवं का? सिझर लिफ्टवरून (वर-खाली होणारा यांत्रिक प्लॅटफॉर्म) खालून काम होईल का? नाहीच झालं तर क्रॉलिंग बोर्ड (पत्र्यावर टाकायची चालण्याची फळी), लाइफलाइन (बेल्ट अडकवायचा दोर). बोर्डामुळे शक्यता घटते. उंची तीच, म्हणून तीव्रतेचा 5 खोडू नका.

आणि कृपा करून केबिनमध्ये बसून शीट भरू नका. चढणाऱ्या माणसाला विचारा, पाय कुठे ठेवतोस? तो पत्र्याखालच्या आधारावरची बोल्टची रांग दाखवेल, आणि ती रांग कुठे तुटते तेही.

हॅझॉप, बो-टाय वगैरे रिस्क तपासायच्या पुढच्या पद्धती सध्या राहू द्या. दहा-बारा कामांच्या शीट हाताने भरून झाल्या की विचारा, जरूर सांगेन.