दिवाणखान्यातला संगणक: प्रोसेसर निवडताना

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात राहतो. आमच्या बैठकीच्या खोलीत ५५ इंची ४के टीव्ही आहे आणि त्याला जुना संगणक एचडीएमआय केबलने जोडलेला आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. जुने चित्रपट आणि नाटकांच्या फुल एचडी फाइल त्यावर उत्तम चालतात. परंतु गेल्या हिवाळ्यात झालेल्या मुलीच्या लग्नाची फोटोग्राफरने दिलेली ४के फाइल लावली की चित्र अडखळते आणि आवाज पुढे निघून जातो. बर्डीवरच्या एका दुकानात विचारले तेव्हा ‘आय-७ घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. घरी नुसता व्हिडिओ पाहण्यासाठी एवढा महाग प्रोसेसर खरोखर लागतो काय? शिवाय मे महिन्यात कूलर लावूनही ही खोली तापते. त्याचा विचार कसा करावा?

उत्तर : आय-७ ची आपल्याला गरज नाही. दुकानदाराने आपल्याला आकडा सांगितला, पण पिढी सांगितली नाही, आणि या कामात पिढीलाच सर्वांत अधिक महत्त्व आहे.

४के चित्राच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीच्या नेमके चौपट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला २० कोटींहून अधिक बिंदू पडद्यावर उतरवावे लागतात. इतकी माहिती आहे तशी साठवणे परवडणारे नसल्यामुळे ती आवळून ठेवलेली असते. बहुतेक फ्रेममध्ये संपूर्ण चित्र नसतेच, आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले एवढेच नोंदलेले असते, आणि पाहताना त्यावरून पूर्ण चित्र पुन्हा उभे करावे लागते. हे उलगडण्याचे काम संगणक दोन प्रकारे करू शकतो. एक तर प्रोसेसरचे सर्वसाधारण कोअर गणित करत बसतात, किंवा त्याच चिपवरील ग्राफिक्सच्या भागात केवळ याच कामासाठी बसवलेला डिकोडर ते पार पाडतो. कोअर ज्या कामाने घामाघूम होतात तेच काम डिकोडर अगदी थोड्या विजेत आणि जवळपास तापल्याविना करतो. मात्र त्याला फक्त तेच कोडेक, म्हणजे चित्र आवळण्याच्या त्याच पद्धती, उलगडता येतात ज्यांच्यासाठी तो घडवला गेला. नंतरच्या कोणत्याही अपडेटने त्याला सर्वस्वी नवे कोडेक शिकवता येत नाही.

आपल्या संगणकाची अडचण इथेच आहे. एच.२६४ हे कोडेक २००३ सालचे. आपल्या प्रोसेसरची पिढी २०१२ सालची, म्हणून फुल एचडी चित्रपट त्याचा डिकोडर सहज उलगडतो. पण एचईव्हीसी, ज्याला एच.२६५ असेही म्हणतात, प्रमाणित झाले २०१३ मध्ये. आजच्या ४के फाइल बहुतांशी त्याच कोडेकमध्ये असतात, आणि बहुधा आपली लग्नाची फाइलही त्यातलीच असावी. तिसऱ्या पिढीच्या चिपला ते कोडेक ठाऊक असण्याचा संभवच नाही. सगळा भार कोअरवर पडतो, ते मागे पडतात, आवाज मात्र हलका असल्याने वेळेवर पुढे जातो, आणि आपण वर्णन केलेली स्थिती उद्भवते. त्याच पिढीचा आय-७ घेतला असता तरी डिकोडरची उणीव तशीच राहिली असती.

इंटेलच्या बाबतीत पायऱ्या अशा आहेत. सहाव्या पिढीत आठ-बिट, म्हणजे रंगांच्या साध्या नोंदीच्या, एचईव्हीसीसाठी संपूर्ण डिकोडर आला, सातव्या पिढीत दहा-बिट, म्हणजे रंगांच्या अधिक बारीक नोंदीचे, एचईव्हीसी आणि यूट्यूब वापरते ते व्हीपी-९ आले, आणि अकराव्या पिढीपासून एव्ही-१. दहा-बिटचा उल्लेख मुद्दाम केला, कारण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे, चित्रपट दहा-बिटच असतात आणि सहाव्या पिढीचा जुना संगणक स्वस्तात मिळतो म्हणून घेणारे नेमके तिथेच अडकतात. एव्ही-१ हे २०१८ सालचे कोडेक आता यूट्यूबवर आणि इतर सेवांवर सर्रास वापरले जाते. आज नवा खर्च करताना एव्ही-१ नसलेला प्रोसेसर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एएमडीच्या बाजूला रायझन ५६००जी एचईव्हीसी आणि व्हीपी-९ उत्तम उलगडतो, पण एव्ही-१ नाही. ८५००जी तिन्ही उलगडतो.

आपल्या गरजेला मी दोन पर्याय सुचवीन. संगणक केवळ टीव्हीसाठीच ठेवायचा असेल, तर इंटेल एन-१०० प्रोसेसर असलेला मिनी पीसी पुरेसा आहे. हा ६ वॅटच्या वर्गातला, चार कोअरचा, २०२३ सालचा प्रोसेसर आहे. आय-७ च्या तुलनेत तो कागदावर फारच लहान दिसतो, पण ४के एचईव्हीसी, व्हीपी-९ आणि एव्ही-१ या तिन्हींचे डिकोडर त्यात आहेत. त्याच संगणकावर घरातील इतर कामे, छायाचित्रांचे संपादन किंवा नातवंडांचा अभ्यासही व्हायचा असेल, तर बाराव्या पिढीचा कोअर आय-३ १२१०० घ्यावा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी यांच्या जोडीला यापेक्षा अधिक काही लागत नाही. जुन्याच संगणकात स्वस्त ग्राफिक्स कार्ड बसवावे काय, असेही आपल्या मनात येईल. जीटी १०३० सारखे कार्ड एचईव्हीसी खरोखर उलगडते. पण त्यात एव्ही-१ नाही, विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. त्या यंत्रावर आता पैसे घालू नयेत.

खरेदीआधी एक खात्री अवश्य करून घ्यावी. व्हीएलसी प्लेअरमध्ये लग्नाची फाइल उघडून साधनांच्या मेन्यूतील कोडेकच्या माहितीत पाहावे. तिथे एचईव्हीसी लिहिलेले असेल तर वरील निदान बरोबर आहे. मग ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, म्हणून तो आधी एक्स-फॅट करून घ्यावा. दुकानातील नव्या संगणकावर फाइल चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सच्या आलेखात ‘व्हिडिओ डिकोड’ची रेषा वर चढलेली आणि प्रोसेसरचा भार कमी असलेला दिसला पाहिजे. उलट दिसले, तर काम कोअरवरच चालले आहे. अशा वेळी प्लेअरमधील हार्डवेअर डिकोडिंगचा पर्याय चालू आहे काय, ते आधी पाहावे. फोटोग्राफरच्या फाइलबाबत आणखी एक बारकावा आहे. काही कॅमेरे दहा-बिट ४:२:२ रंगनोंदीत एच.२६४ मध्ये चित्रण करतात, आणि तशी मूळ फाइल उलगडणारा डिकोडर घरगुती संगणकांत सहसा नसतो. तसे निघाल्यास प्रोसेसर बदलू नये. फोटोग्राफरला ४:२:० रंगनोंदीतील एचईव्हीसी प्रत काढून देण्याची विनंती करावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

आता एक गोष्ट, जी प्रोसेसर कितीही चांगला घेतला तरी उरते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि संगणक टीव्हीला सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते. कॅमेरा संथपणे वळत असताना हे बारीक धक्के डोळ्यांना स्पष्ट जाणवतात. आपल्याकडे लग्नाचे चित्रण बहुधा २५ किंवा ५० फ्रेमचे असते, आणि ६० ला २५ नेही भाग जात नाही. वरातीच्या किंवा मंडपाच्या दृश्यात हा दोष दिसला की लोक प्रोसेसरला नावे ठेवतात. उपाय विनामूल्य आहे: ‘कोडी’ नावाच्या प्लेअरसारख्या प्लेअरमध्ये फाइलप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र पाठवायचे तो आकडा, आपोआप बदलण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे चित्रपटाला २४ आणि लग्नाला ५० मिळेल. यासाठी संगणकाचा एचडीएमआय २.० किंवा त्यापुढचा असावा, १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० पेक्षा जास्त वेळा जात नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न आपण विचारलात याचा मला विशेष आनंद झाला, कारण नागपुरात राहून तो टाळता येत नाही. प्रोसेसरचा पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतील अंतर मर्यादित ठेवतो. ठरावीक कामाला हे अंतर ४५ अंश असेल, तर जानेवारीच्या संध्याकाळी २२ अंशांच्या खोलीत चिप ६७ वर राहील, आणि बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना ४० अंशांच्या बंद खोलीत तीच चिप ८५ वर जाईल. इंटेलचे बरेचसे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. डिकोडर काम करत असेल तर हे अंतर मुळातच लहान राहते, आणि म्हणूनच मोठ्या प्रोसेसरपेक्षा योग्य डिकोडर असलेला लहान प्रोसेसर आपल्या हवामानाला अधिक मानवतो.

जागेचा विचारही करावा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात संगणक ठेवल्यास तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. कप्प्याची मागची फळी कापून घ्यावी किंवा संगणक उघड्यावर ठेवावा. कूलरच्या थेट झोतात मात्र तो कदापि ठेवू नये. ती हवा दमट असते, तिच्याबरोबर कधी पाण्याचे तुषार आणि धूळही येते, आणि पंख्याच्या पात्यांवर ओलसर धुळीचा जो थर बसतो तो नुसत्या फुंकरीने निघत नाही. होळीच्या सुमारास, कूलरच्या टाट्या बदलण्याचे काम निघते तेव्हाच संगणकही उघडून साफ करून घ्यावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असून महाल भागात राहते. टीव्हीला जोडण्यासाठी नवा संगणक जुळवत आहे. दुकानात आय-५ १२४०० पेक्षा १२४००एफ स्वस्त सांगितला. वेग सारखाच असेल तर तोच घ्यावा काय?

उत्तर : ग्राफिक्स कार्ड वेगळे घेणार नसाल तर मुळीच घेऊ नका. ‘एफ’ म्हणजे चिपवरील ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो आणि डिकोडर त्याच भागात असतो, त्यामुळे तोही हाती लागत नाही. मदरबोर्डवर एचडीएमआयचे पोर्ट असले तरी त्यातून चित्र येणार नाही. वाचलेल्या पैशांपेक्षा कार्डाचा खर्च जास्त होईल. एएमडी घेत असाल तर ५६०० आणि ५६००जी यांतही हाच फरक आहे, तिथे ग्राफिक्स ‘जी’ असलेल्यात असते. कार्ड घेणारच असाल तर रेडिऑन आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी टाळा. २०२२ मध्ये आलेली असूनही ती एव्ही-१ उलगडत नाहीत.

प्रश्न : वर्धा रोडवरून लिहीत आहे. माझ्या संगणकात बाराव्या पिढीचा प्रोसेसर असूनही ब्राउझरमध्ये लावलेले ओटीटीचे चित्रपट टीव्हीच्या ॲपइतके स्पष्ट दिसत नाहीत. प्रोसेसर बदलावा काय?

उत्तर : नाही. चोरटी नक्कल होऊ नये म्हणून या सेवा चित्र कुलूपबंद करून पाठवतात, आणि ज्या ब्राउझरच्या कुलपावर त्यांचा पुरेसा विश्वास नसतो त्याला कमी दर्जाचे चित्र देतात. ४के साठी संगणक आणि टीव्ही या दोघांनाही एचडीसीपी २.२, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राचे कुलूप, चालावे लागते. ओटीटीसाठी टीव्हीचेच ॲप वापरा, आणि संगणक स्वतःच्या संग्रहातील चित्रपटांसाठी व घरच्या चित्रणासाठी ठेवा.