वायमार जर्मनीचा अभ्यास सुरू करताना

वायमार जर्मनी म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचं, 1933 पर्यंतचं जर्मन प्रजासत्ताक. त्याच्या अभ्यासाची सुरुवात हिटलरच्या चरित्रापासून करू नका. आधी राइशटाग म्हणजे जर्मन संसदेच्या निवडणुकांचे आकडे एका कागदावर उतरवून घ्या. हिटलरच्या नाझी पक्षाची मतं: मे 1928 मध्ये 2.6 टक्के, सप्टेंबर 1930 मध्ये 18.3, जुलै 1932 मध्ये 37.3, नोव्हेंबर 1932 मध्ये 33.1.

नवखा अभ्यासक इथेच फसतो. ‘महागाईमुळे हिटलर आला’ असं तो लिहून मोकळा होतो. चलनाचा कडेलोट 1923 चा. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत. पण त्यानंतर पाच वर्षांनीही हा पक्ष 3 टक्क्यांच्या आतच होता. मतं फुगली ती 1929 नंतरच्या मंदीत, आणि 1932 च्या सुरुवातीला बेकार 60 लाखांच्या घरात होते. त्या काळात चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रुनिंगचं धोरण कपातीचं होतं, चलन आवळण्याचं. महागाईने मध्यमवर्गाची बचत बुडवली, हे खरंच. पण तिला दूरचं कारण म्हणून मांडा.

मग नकाशा घ्या. जुलै 1932 मध्ये प्रॉटेस्टंट, शेतीप्रधान श्लेसविग-होल्श्टाइनमध्ये नाझींना निम्म्याहून जास्त मतं; कॅथलिक कोलोन-आखेनमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा. निव्वळ बेकारीने हा फरक उलगडत नाही.

‘पाठीत खंजीर’, म्हणजे महायुद्धात सैन्य हरलं नाही, घरच्यांनीच दगा दिला, ही दंतकथा नाझींची निर्मिती समजू नका. महायुद्धातला सेनानी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हिंडेनबर्गने ती नोव्हेंबर 1919 मध्येच संसदीय चौकशी समितीपुढे मांडली होती. राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत अध्यादेश काढू देणारं राज्यघटनेचं कलम 48 मात्र शब्दशः वाचा. 1930 पासून कारभार अध्यादेशांवरच चालला, आणि 30 जानेवारी 1933 ला हिटलरला चॅन्सेलर नेमलं ते हिंडेनबर्गनेच, पक्षाची मतं घटल्यानंतर.