शेजारी देशांनी आपसातलं आयात शुल्क शून्य केलं, तरी व्यापार का वाढत नाही? आधी काय करायला हवं?

शुल्क काढणं हा त्यातला सोपा भाग. एका अधिसूचनेत होतो. माल अडतो नाक्यावर, म्हणून सुरुवात तिथून करा.

सीमेवर ट्रक दोनदा थांबतो. आधी अलीकडच्या कस्टम्ससमोर, मग पलीकडे पुन्हा तेच कागद. झांबिया-झिंबाब्वे सीमेवर चिरुंडूला २००९ मध्ये दोन्हींची तपासणी एकाच ठिकाणी आणली. ट्रक अलीकडे न थांबता पलीकडच्या आवारात जातो. तिथे आधी एका देशातून बाहेर पडण्याचे आणि लगेच दुसऱ्यात शिरण्याचे सोपस्कार उरकतात. इमारत पैसे असले की उभी राहते. खरं काम कायद्याचं: परक्या जमिनीवर बसून आपल्या अधिकाऱ्याला तपासणी आणि जप्ती करता आली पाहिजे, आणि तो अधिकार दोन्हीकडच्या कायद्यात लिहिलेला हवा. त्यानंतर संगणक जोडा. नाहीतर एकाच छपराखाली तीच माहिती दोनदा टाइप होत राहते, आणि रांग तशीच.

छोट्या व्यापाऱ्यांसाठी वेगळी वाट लागते. पूर्व आफ्रिका समुदायात (केनिया, युगांडा, टांझानिया वगैरे देशांचा व्यापारी गट) ठरलेल्या यादीतल्या, २,००० डॉलरपर्यंतच्या स्थानिक मालाला नाक्यावरच साधं उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे माल गटातल्या देशातच तयार झाल्याचा दाखला, मिळतं. यात माफ होतं ते फक्त आयात शुल्क. व्हॅटसारखे कर भरावेच लागतात. ही गोष्ट स्थानिक भाषेत पाटीवर लिहा. नाहीतर 'शुल्क नाही' ऐकून आलेल्या माणसाला पावती हातात पडली की फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या खेपेला तो आडवाट धरतो.

गटाबाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्या सदस्य देशांचा शुल्काचा दर एकच हवा. पूर्व आफ्रिकेत ०, १० आणि २५ टक्के असे टप्पे होते, २०२२ मध्ये ३५ टक्क्यांचा वाढला. (काही मोजक्या वस्तूंवर त्याहून जास्त.) पण एकेक देश आपल्यापुरती तात्पुरती सूट घेत राहतो. मग सवलतीच्या कच्च्या मालापासून बनलेली वस्तू शेजारी नेली की तिच्यावर पूर्ण शुल्क लागतं. म्हणजे पुसलेली सीमा पुन्हा आखली जाते! अशा सवलतीला मुदत घाला, ती आपोआप संपू द्या.

जमा आणि फायद्याच्या वाटणीचं सूत्र करारावर सह्या होण्याआधी ठरवा. जुना पूर्व आफ्रिका समुदाय १९७७ मध्ये मोडला, त्यामागे उद्योग केनियात एकवटले आणि फायदा तिकडेच गेला ही तक्रारही होती. १९१० पासून चालत आलेली, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या देशांची कस्टम्स युनियन (सामायिक शुल्काचा संघ) शुल्काची जमा एका पेटीत टाकून सूत्राने वाटते. मात्र लेसोथो आणि एस्वातिनी या त्यातल्या छोट्या देशांचे अर्थसंकल्प त्या वाट्यावर इतके टेकलेत, की पेटीतली जमा घटली की सरकारी पगाराचाच प्रश्न उभा राहतो.