तीन सूत्रे, तीन वजने

प्रश्न : मी ४२ वर्षांची स्त्री असून माझी उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो आहे. उंचीतून शंभर वजा केल्यास माझे वजन ६५ किलो हवे, दुसऱ्या एका सूत्राने ते ५७ किलो येते आणि बीएमआयच्या तक्त्यानुसार ६८ किलोपर्यंत चालते. यांतले खरे कोणते मानावे?

उत्तर : तुमचा हिशेब चुकलेला नाही, फरक पडतो तो ही सूत्रे वेगवेगळ्या कामांसाठी तयार झाल्यामुळे. शंभर वजा करण्याची रीत फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि तोंडी हिशेबाला सोपी असणे एवढेच तिचे भांडवल आहे. ५७ किलो सांगणारे सूत्र (पाच फुटांना ४५.५ किलो आणि पुढच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो) डेव्हाइन यांनी १९७४ साली औषधाची मात्रा ठरवण्याच्या संदर्भात मांडले होते. पुढे त्याला ‘आदर्श वजन’ हे नाव चिकटले आणि अनेकांनी ते विनाकारण मनाला लावून घेतले.

बीएमआय म्हणजे किलोंमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. तिचे जनक केटले हे बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, एकेकट्या माणसाची तब्येत तपासायची नव्हती. जागतिक आरोग्य संघटना १८.५ ते २४.९ ही मर्यादा योग्य मानते, म्हणजे तुमच्या उंचीला सुमारे ५० ते ६८ किलो. अठरा किलोंची ही रुंदी पाहून हसू येईल, पण मला तीच प्रामाणिक वाटते, कारण सारख्याच उंचीच्या दोघींचा हाडापेरांचा बांधा आणि स्नायूंचे प्रमाण सारखे नसते. मात्र आशियाई वंशाच्या लोकांत कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी साठून मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून त्यांनी २३ पासूनच सावध व्हावे असे मानले जाते. तुमचा बीएमआय २४.२ आहे.

अशा सीमेवरच्या वजनाचा निवाडा काट्यापेक्षा मोजपट्टी चांगला करते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे तुमच्या बाबतीत ८२.५ सेंटिमीटरहून कमी असेल आणि रक्तदाब व रक्तातील साखरही ठीक असेल, तर ६६ किलो टिकवणे पुरेसे आहे. घेर जास्त असेल तर तीन-चार किलो सावकाश उतरवावेत. ५७ च्या मागे लागू नये. गरोदरपणात किंवा अंगावर सूज असताना यांतला कोणताही हिशेब लागू होत नाही. आणि काहीही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन किलोंच्या आसपास घटले, तर ते तक्त्यात बसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.