कोचवर कॅमेऱ्यासमोर टीका केली, आता दोन नोटिसा आल्यात

प्रश्न : मी हॉकीपटू आहे, बचावफळीत खेळतो. केंद्र सरकारच्या एका खात्यात क्रीडा कोट्यातून नोकरी आहे. खात्याच्या परवानगीने एका व्यावसायिक लीगमधल्या संघाशी एका मोसमाचा करार केला. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना कोचने मला खेळवलं. सामना हरल्यावर यूट्यूबवरच्या एका पत्रकाराशी मी जे बोललो ते सोबत लिहून पाठवतोय. आता संघाने सात दिवसांत खुलासा मागितलाय आणि उरलेलं मानधन रोखून धरलंय. कोचच्या वकिलाने पन्नास लाखांच्या अब्रूनुकसानीची नोटीस पाठवली आहे. पंधरा दिवसांत जाहीर माफी हवी म्हणे. सहकारी सांगतात, व्हिडिओ काढून टाक, माफी माग आणि मोकळा हो. काय करू?

उत्तर : सरसकट माफी आत्ता मागू नका. आधी स्वतःचंच बोलणं शांतपणे पुन्हा वाचा. तुम्ही मिनिटभरच बोललात, पण त्यात तीन वेगवेगळी विधानं आहेत आणि तिन्हींचं भवितव्य वेगळं आहे.

पहिलं : ‘पेनल्टी कॉर्नर अडवायची आखणीच चुकली, शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही उघडे पडलो.’ हे मत आहे. हजारो लोकांनी पाहिलेल्या सामन्याबद्दलचं मत. अब्रूनुकसानीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लोकांसमोर मांडलेल्या कामगिरीच्या गुणदोषांवर सद्‌हेतूने व्यक्त केलेलं मत त्याच कलमाने अपवादात घातलंय. कोचची आखणी त्यात बसते, असं मी ठामपणे मांडेन.

दुसरं : ‘फिजिओने लेखी सांगूनही मला उतरवलं.’ हे मत नव्हे, वस्तुस्थितीचं विधान आहे आणि ते टिकणार की पडणार हे कागदी पुराव्यावर ठरेल. तुम्ही लिहिता की फिजिओचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. मग तो फोन जपा. बदलू नका, रीसेट करू नका, दुरुस्तीला टाकू नका. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते काम सोपं होतं. फौजदारी खटल्यात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तिथे ‘मी खरं बोललो’ एवढं पुरेसं नसतं. ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं आणि ते दाखवायची जबाबदारी तुमची. खेळाडूच्या दुखापतीचा प्रश्न सार्वजनिक हिताचा आहे, हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो.

तिसरं : ‘इथे कोण खेळणार ते खेळावर नाही, पाकिटावर ठरतं.’ गोची इथे आहे. तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण आधीची दोन वाक्यं कोचबद्दल असताना तिसरं कोणाबद्दल हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, आणि कायद्याला तेवढं पुरतं. हा लाचखोरीचा आरोप झाला. पत्रात त्याचा एकही पुरावा नाही, ‘सगळ्यांना माहीत आहे’ एवढंच आहे. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी साक्षीच्या पिंजऱ्यात कोणालाच माहीत नसतात.

म्हणून सल्ला असा : पहिल्या दोन विधानांवर ठाम राहा आणि तिसऱ्यापुरतीच दिलगिरी द्या. तीही वकिलामार्फत, हक्क अबाधित ठेवून. मूळ व्हिडिओ पत्रकाराच्या चॅनेलवर आहे, तो काढणं तुमच्या हातात नाही. तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलेला तुकडा मात्र काढा. पण आधी तारीख आणि लिंकसह त्याची प्रत ठेवा, नाहीतर तुम्ही पुरावा नष्ट केलात असं म्हणायला समोरचा मोकळा.

पन्नास लाखांच्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका. वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. दिवाणी दावा लावायचा तर प्रसिद्धीपासून एका वर्षात लावावा लागतो आणि मागितलेल्या रकमेवर कोर्ट फीही भरावी लागते. तिथे आकडे आपोआप उतरतात. फौजदारी तक्रार झालीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटला तुमचं ऐकून घ्यावं लागतं. शिक्षा कमाल दोन वर्षं साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय समाजसेवेचाही पर्याय आहे. पण तिसरं वाक्य वेळीच आवरलंत तर गोष्ट तिथवर जायचं कारण मला दिसत नाही.

मला कोचपेक्षा तुमच्या कराराची काळजी जास्त वाटते. कलम अकरा सांगतं की संघ, प्रशिक्षक किंवा लीग यांची प्रतिमा मलिन होईल असं काही माध्यमांत बोलायचं नाही, बोललात तर मानधनाच्या चाळीस टक्के दंड. सही तुमचीच आहे. राज्यघटनेच्या कलम १९ चं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचं शस्त्र आहे. खासगी संघाशी स्वतःहून मान्य केलेल्या अटीपुढे ते फार चालत नाही. दंडाचं मात्र वेगळं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. शिवाय अट चाळीस टक्क्यांची आणि रोखलंय उरलेलं सगळं मानधन, तेही तुमचं म्हणणं ऐकण्याआधी! खुलाशात हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या. वाद लवादाकडे जाणार आणि लवाद संघ एकटाच नेमणार, असंही करारात दिसतं. एका पक्षाने एकतर्फी एकमेव लवाद नेमण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात नकार दिला आहे. तेव्हा संघाने सुचवलेल्या नावाला लेखी संमती देऊन बसू नका.

खात्याकडून अजून काही आलेलं नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत सरकारच्या धोरणावरील टीकेला बंदी आहे, पण खासगी संघाचा कोच म्हणजे सरकार नव्हे. फक्त लीगसाठी मिळालेल्या ना-हरकत पत्रातल्या अटी नीट वाचा आणि साहेबांना दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः कळवा.

उद्या महासंघाने बंदी घातली तर? २०१५ मध्ये हॉकी इंडिया या महासंघाने हॉकीपटू गुरबाज सिंगवर बेशिस्तीच्या कारणावरून नऊ महिन्यांची बंदी घातली होती. तो उच्च न्यायालयात गेला आणि त्याला दिलासा मिळाला. सार्वजनिक स्वरूपाचं काम करणाऱ्या क्रीडा संघटनांना राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात खेचता येतं. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ मध्ये वेगळ्या क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. वेळ आलीच तर त्या दिवशी दाद कुठे मागायची हे आधी तपासून घ्यावं लागेल.

पण कोर्ट बंदी उठवू शकतं, संघात जागा देऊ शकत नाही. खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ मध्ये बँकॉकला ३२ वर्षांनी एशियाड सुवर्ण जिंकलं आणि लगेच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. सांगितलेलं कारण होतं विश्रांती. ‘विश्रांती’विरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करून फारसं काही हाती लागत नाही.

दुखापतीची तक्रार करायला जागा आहे. संघाच्या डॉक्टरांना आणि लीगच्या व्यवस्थापनाला लेखी तक्रार द्या, फिजिओचा मेसेज जोडा, पोच घ्या. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्‌हेतूने केलेली तक्रार हाही कलम ३५६ चा अपवाद आहे. हेच कॅमेऱ्याऐवजी कागदावर आलं असतं तर कोचच्या वकिलाला फारसं काम उरलं नसतं. पाकिटाबद्दल खरोखर काही हाती लागलं, तर तेही याच वाटेने.

संघाच्या नोटिशीची मुदत आधी संपते, म्हणून तो खुलासा आधी पाठवा. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. मूळ करार, ना-हरकत पत्र, एमआरआयचा रिपोर्ट आणि तो फोन घेऊन याच आठवड्यात जवळच्या वकिलाला गाठा. आणि खुलासा जाईपर्यंत त्या पत्रकाराला ‘माझी बाजू’ सांगायला जाऊ नका.