सुरुवात छोट्या नकारापासून करा

तुम्ही विचारलंय, 'आता स्वतःला पटेल तसंच जगायचंय, नोकरी सोडू का?' थांबा. पहिल्याच महिन्यात सगळं उलटंपालटं करणं ही नवख्यांची सर्वात मोठी चूक. मीही ती केली आणि वर्षभर फक्त पैशांची काळजी वाहिली. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची उतरंड मांडली, तेव्हा स्वतःतल्या क्षमता फुलवणं सगळ्यात वर ठेवलं. अन्न, झोप, सुरक्षितता त्याच्या खाली. तो पाया आधी सांभाळा.

सध्या एवढंच करा:

- रोज रात्री दोन ओळी लिहा: आज कुठे मनाविरुद्ध 'हो' म्हणालात आणि कशात वेळेचं भान हरपलं. निदान महिनाभर. हे सर्वात महत्त्वाचं, कारण आपल्या आवडीनिवडी बऱ्याचदा इतरांकडून उचललेल्या असतात. वहीत मात्र प्रत्यक्ष घडलेलं उतरतं.
- आठवड्यातून एकदा एखाद्या छोट्या गोष्टीला नम्रपणे नाही म्हणा.
- एकच कौशल्य निवडा, रोज अर्धा तास द्या.

आणि हो, खरेपणाच्या नावाखाली मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर फेकू नका. त्याने माणसं दुखावतात, बाकी काही साधत नाही.

जीवनध्येय वगैरे आत्ता नकोच. महिन्याभराने वही घेऊन बसू, मग पुढचं बोलू.