बोर्निओला जाताना यादी अर्धी करा

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस मी, पत्नी, आठवीतली मुलगी आणि ६८ वर्षांची आई असे चौघे दहा दिवसांसाठी बोर्निओ बेटावर जाण्याचा विचार करीत आहोत. तिथले जंगल आणि लोकजीवन, दोन्ही पाहण्याची इच्छा आहे. किनाबालू शिखर, सेपिलोकचे ओरँगउटान, किनाबातांगान नदी, मुलूच्या गुहा, कुचिंग शहर आणि एखादे लाँगहाऊस असा आराखडा केला आहे. आम्ही सर्व शाकाहारी आहोत. हा आराखडा योग्य आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण निवडलेली सहाही ठिकाणे उत्तम आहेत, अडचण आहे ती ती सगळी एकाच सहलीत कोंबण्याची. बोर्निओ हे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे. मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत ते विभागलेले आहे. आपली ठिकाणे मलेशियाच्या सबा आणि सारावाक या दोन राज्यांत पसरलेली आहेत. नाशिकहून मुंबई, मग क्वालालंपूर, मग पुढचे विमान, यात जाण्यायेण्याचे दोन दिवस खर्ची पडतात. म्हणजे हातात उरतात आठ.

तेव्हा किनाबालूची चढाई आधी वगळा. ४,०९५ मीटर उंचीच्या या शिखरासाठी किमान दोन दिवस लागतात, वाटेत मुक्काम करावा लागतो आणि मर्यादित परवाने कित्येक महिने आधीच संपतात. मुलूच्या गुहा जागतिक वारसा यादीत आहेत, पण तिथे विमानानेच जावे लागते. त्याही पुढच्या खेपेसाठी ठेवाव्यात. उरलेल्या आठ दिवसांपैकी चार सांदाकानच्या बाजूला, म्हणजे सेपिलोक आणि किनाबातांगानला, आणि चार कुचिंगला द्यावेत, हा माझा सल्ला. दोन्हींच्या मधला विमानप्रवास साधारणतः कोटा किनाबालूमार्गे होतो आणि त्यात अर्धाअधिक दिवस जातो, हेही हिशेबात धरावे.

सांदाकानजवळच्या सेपिलोक केंद्रात १९६४पासून अनाथ झालेल्या ओरँगउटानांना पुन्हा जंगलात राहायला शिकवले जाते. तिथे एक सकाळ पुरे. खरा वेळ द्यायचा तो किनाबातांगानला. सुकाऊ किंवा बिलित या नदीकाठच्या गावात निदान दोन रात्री राहावे आणि पहाटे व दिवस कलताना होडीतून फिरावे. तिथली लांबनाकी माकडे, ज्यांना प्रोबोसिस म्हणतात, बोर्निओबाहेर कुठेही आढळत नाहीत आणि संध्याकाळी झोपण्यासाठी काठावरच्या झाडांवर येतात. नावाडी इंजिन बंद करतो, होडी पाण्यावर हलकेच फिरते, आणि ज्या फांद्या क्षणापूर्वी रिकाम्या वाटत होत्या त्यांवरून पांढुरक्या शेपट्या लोंबताना दिसू लागतात. मग मोठ्या नराचे ते वांग्यासारखे नाक. मात्र या काठावर प्राणी इतके सहज का दिसतात, हे मुलीला जरूर सांगा. मागचे बरेच जंगल तोडून तिथे तेलताडाचे मळे लावले गेले आहेत आणि प्राण्यांना नदीलगतचा पट्टाच उरला आहे. सांदाकानहून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते मळे संपता संपत नाहीत.

कुचिंगमध्ये राहून बाको राष्ट्रीय उद्यान एका दिवसात पाहता येते. घटपर्णी वनस्पती पाहायच्या तर त्याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. तिथे होडीने जावे लागते आणि ओहोटीच्या वेळी होडी धक्क्यापर्यंत पोचत नसल्याने गुडघाभर पाण्यातून चालण्याची वेळ येऊ शकते. म्हणून भरतीची वेळ विचारूनच निघावे. आईंना त्या दिवशी शहरातल्या नदीकाठी विसावा घेऊ द्यावा.

लाँगहाऊस म्हणजे एका छपराखाली नांदणारे अख्खे गाव : एका बाजूला प्रत्येक कुटुंबाची खोली, दुसऱ्या बाजूला सर्वांची मिळून एक लांबच लांब पडवी. इबान लोक या पडवीला ‘रुआई’ म्हणतात. बातांग आई भागातली इबान घरे दूर आहेत. आईंसोबत कुचिंगपासून साधारण दीड तासावरचे बिदायू लोकांचे अन्नाह रईस बरे. बांबूच्या जमिनीवरून चालताना पावलागणिक ती किंचित दबते. तिथे जुन्या काळच्या कवट्याही जपून ठेवलेल्या आहेत; मुलीला आधी कल्पना द्यावी. तांदळाची दारू, ‘तुआक’, पुढे केली गेली आणि नको असेल, तर पेल्याच्या कडेला बोट लावून हसतमुखाने नाकारता येते. १ आणि २ जूनला सारावाकमध्ये गवाई दायाक हा सुगीचा सण असतो. आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा कुचिंगचा मुक्काम सणाला जोडून ठेवावा. सुरगाणा-पेठकडचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, पाहिलेल्याला तो परका वाटणार नाही. मात्र त्या दिवसांत सारे गावी परततात, म्हणून विमानाची तिकिटे फार आधी काढावीत.

जेवणाची चिंता आपल्याला वाटते त्याहून वेगळी आहे. भाजी, म्हणजे ‘सायुर’, सर्वत्र मिळते. पण ती बहुधा ‘बलाचान’ या कोळंबीच्या वाटणात परतलेली असते आणि ते दिसत नाही. ‘तानपा बलाचान’, म्हणजे बलाचानविना, हे दोन शब्द पाठ करावेत. भात कुठेही मिळतो, त्यामुळे मेतकुटाची एक बाटली आईंचे अर्धे प्रश्न सोडवील.

मलेशियात भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा न लागण्याची सवलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत जाहीर झालेली आहे; तरी तिकिटापूर्वी तपासून घ्यावे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. सबा व सारावाक यांचे प्रवेशनियंत्रण स्वतंत्र असल्याने देशांतर्गत विमानातही पासपोर्ट हाताशी असू द्यावा. माकडांमधला एक मलेरिया तिथे माणसांनाही होतो. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, अंगभर कपडे घालावेत आणि जळवांसाठी लांब मोजे न्यावेत.

आणखी एक. जाण्यापूर्वी हिवाळ्यात दोन-तीन सकाळी मुलीला दुर्बिणीसह नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्यावे. पान कोणते आणि शेपूट कोणती, हे हलत्या होडीतून ओळखायला डोळ्यांना सराव लागतो.